उजेड आत, अतिनील बाहेर

वैशाखातली सकाळ, अकराची वेळ. रस्त्यावर डोळे उघडवत नव्हते असे ऊन, आणि बाईंच्या दिवाणखान्यात मात्र ट्यूबलाइट लावलेली. मी चपला काढून आत आले तेव्हा क्षणभर मला समोरची खुर्चीही नीट दिसली नाही. बाई त्याच खुर्चीत बसल्या होत्या, उजवा हात गळ्यातल्या झोळीत. आदल्या आठवड्यात बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या रुळात पाय अडकून त्या पडल्या होत्या आणि मनगटाचे हाड मोडले होते.

"अगं डॉक्टर, तो रूळ तिथे वीस वर्षे आहे," त्या म्हणाल्या, "आजवर कधी दिसला नाही असं झालं नव्हतं."

मी बाल्कनीकडे पाहिले. सगळ्या काचांवर काळी फिल्म चिकटवलेली होती. ही कधी लावली, असे विचारल्यावर त्यांचा मुलगा म्हणाला, "डॉक्टर, तुम्हीच सांगितलं होतं ना, आईला उन्हापासून जपा म्हणून? दुकानात सगळ्यात गडद होती ती लावून घेतली."

मीच सांगितले होते. बाई सत्त्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. (त्यांच्या परवानगीने, काही तपशील बदलून हे लिहीत आहे.) दिवाळीनंतर त्यांच्या डाव्या गालावर आणि डाव्या हातावर लालसर, खाजरे चट्टे उठले होते. हनुवटीखालची जागा आणि कानामागची जागा मात्र कोरी. असा नकाशा दिसला की डॉक्टरला उन्हाची शंका येते. पण बाई तर गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नसत. दिवसातले चार तास त्या दक्षिणेकडच्या बंद बाल्कनीत, डावी बाजू काचेकडे करून, वर्तमानपत्र आणि शब्दकोडे घेऊन बसत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळे अशा बाल्कनीत ऊन चांगले खोलवर शिरते. त्यातच त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध होते आणि या औषधाने काही जणांची त्वचा प्रकाशाला हळवी होते. मी मलम दिले, गोळी पुढच्या खेपेला बदलू म्हटले आणि ते "उन्हापासून जपा" हे वाक्य उच्चारून पुढच्या रुग्णाकडे वळले. ते दोन शब्द अपुरे होते. मुलाने ते प्रेमाने आणि पूर्णपणे पाळले.

त्यानंतर काय झाले ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत होते, पण मी ते जोडले नाही. आई हल्ली वाचत नाही, डोळे थकतात म्हणते. दुपारी खुर्चीतच झोपते. रात्री दोन वाजता उठून बसते. शेवटच्या तक्रारीवर मी फोनवरच झोपेची एक सौम्य गोळी सुचवली होती. वृद्धांच्या पडण्यामागे झोपेच्या गोळ्यांचा वाटा असतो हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असते, मलाही होते. त्या रुळात पाय अडकण्यामागे अंधार किती आणि माझी गोळी किती, हे आता सांगता येणार नाही.

वाचकहो, आपल्या घरातही ज्येष्ठ असतील, किंवा आपणच ज्येष्ठ असाल, आणि बाल्कनी बंद करण्याचा, खिडकीच्या काचा बदलण्याचा किंवा फिल्म लावण्याचा विचार चालला असेल, तर काचवाल्याला होकार देण्यापूर्वी हा लेख वाचावा.

तीन गोष्टींची एक मोट

ऊन म्हणताना आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींची मोट बांधतो. एक, डोळ्यांना दिसणारा उजेड. दुसरी, अवरक्त किरण. ते दिसत नाहीत, पण उन्हाच्या उष्णतेतला मोठा वाटा त्यांचा असतो. तिसरी, अतिनील किरण. हेही दिसत नाहीत आणि अंगावर पडताना जाणवतही नाहीत. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या सूर्यशक्तीत त्यांचा हिस्सा अगदी थोडा असतो, पण त्वचेचे बहुतेक नुकसान तेच करतात. काच या तिघांना एकाच मापाने वागवत नाही. सगळा घोटाळा इथेच होतो: गडद काच पाहिली की मनाला वाटते, उजेड अडला म्हणजे उरलेलेही अडले.

अतिनील किरणांचे आपल्या कामापुरते दोन प्रकार. 'ब' किरणांची तरंगलांबी २८० ते ३१५ नॅनोमीटर. उन्हाने कातडी लाल होते ती मुख्यतः यांच्यामुळे, आणि त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते तेही यांच्यामुळेच. 'अ' किरणांची तरंगलांबी ३१५ ते ४००. हे त्वचेत अधिक खोल जातात, सुरकुत्या आणि डाग आणतात, आणि औषधांमुळे येणारी प्रकाशाची ॲलर्जी बहुतांशी यांच्यामुळे उमटते. खिडकीची साधी काच 'ब' किरण जवळजवळ सगळे अडवते आणि 'अ' किरणांचा निम्म्याहून मोठा भाग आत सोडते. बाईंच्या काचेआड बसूनही चट्टे उठले ते याच कारणाने.

काचेतून येणारे 'अ' किरण वर्षानुवर्षे काय करतात याचे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने २०१२ साली ६९ वर्षांच्या एका अमेरिकन मालवाहू गाडीच्या चालकाचा चेहरा छापला. त्याने २८ वर्षे गाडी चालवली होती. तिकडे चालक डावीकडे बसतो. खिडकीकडची त्याची डावी बाजू जाड, लोंबती आणि खोल सुरकुत्यांची झाली होती, उजवी मात्र त्याच्या वयाला शोभेल अशी. दोन्ही गाल एकाच माणसाचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

म्हातारपणीचा डोळा उजेडाचा भुकेला असतो

आता दुसरी बाजू, जिकडे माझे लक्ष गेले नाही. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते. अंधारात ती पूर्वीइतकी फैलावत नाही. आतले नैसर्गिक भिंग पिवळसर आणि दाट होते. परिणाम असा की साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. ऐंशीच्या घरात तो आणखी कमी.

यावर काळी फिल्म चढवून पाहा. साधी काच दिसणाऱ्या उजेडातले ८५ टक्क्यांहून अधिक आत सोडते. गडद फिल्म २० टक्के किंवा त्याहूनही कमी. हिशेब ढोबळ आहे, पण फिल्मआड बसलेल्या आजींना साध्या काचेआड बसलेल्या नातवाच्या तुलनेत तेराव्या-चौदाव्या हिश्श्याइतकाच उजेड मिळतो. फिल्म निवडणारा मुलगा किंवा सून चाळिशीतली असते. तिला ती खोली 'छान, थंड, शांत' वाटते. ज्याला त्या खोलीत दिवस काढायचा आहे त्याला उंबरा, रूळ, पायपुसण्याची दुमडलेली कड, जमिनीवर सांडलेले पाणी दिसत नाही. कमी उजेडात रंगछटांमधला फरक ओळखण्याची क्षमता आधी जाते. करड्या लादीवरचा करडा रूळ हा तेव्हा केवळ लादीचाच भाग होतो.

दिवसाचा उजेड पाहण्यापुरताच लागतो असेही नाही. दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत ज्यांचे काम चित्र पाहणे नसून मेंदूतल्या घड्याळाला दिवस उगवल्याचे कळवणे हे आहे. त्या निळसर उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि पिवळे झालेले भिंग नेमका तोच उजेड अडवते. म्हणून वृद्धांना दिवसा अधिक उजेड हवा. ढगाळ दिवशीही उघड्यावर १०,००० लक्सच्या आसपास उजेड असतो. आपल्या दिवाणखान्यात दिव्यांखाली तो बहुधा १०० ते ३०० लक्स भरतो. खिडकीशी बसणे हाच घरात राहणाऱ्या माणसाचा खरा दिवस. तो काळवंडला की दुपारी डुलक्या आणि रात्री जागरण सुरू होते. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींमध्ये तर तिन्हीसांजेची अस्वस्थता वाढते. मग घरचे झोपेची गोळी मागतात आणि डॉक्टर ती देतात.

मधली पारदर्शक चादर

किरण अडवायचे आणि उजेड सोडायचा, हे दोन्ही एकाच काचेला जमते का? बरेचसे जमते. त्या काचेचे नाव लॅमिनेटेड काच. आपल्या मोटारीची पुढची काच तीच असते.

दोन काचांच्या मध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिराल या प्लास्टिकची पातळ, पारदर्शक चादर घालून उष्णता आणि दाब देऊन तिन्ही थर एकजीव करतात. मूळ हेतू सुरक्षिततेचा. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेडिक्टस यांच्या हातून काचेचे एक पात्र पडले, तडकले, पण विखुरले नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण वाळून त्याचा पापुद्रा धरला होता. त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली अशी हकीकत सांगतात. पेटंट त्यांनी १९०९ साली घेतले. गंमत अशी की त्या पहिल्या काचा उन्हात काही काळातच पिवळ्या पडत, म्हणजे ऊनच त्यांची पारदर्शकता खाऊन टाकी. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात आजची चादर आली तेव्हा ही अडचण मोठ्या प्रमाणात सुटली.

या चादरीत अतिनील किरण शोषणारी द्रव्ये असतात. ०.३८ मिलिमीटर जाडीची एकच चादर ३८० नॅनोमीटरपर्यंतचे सुमारे ९९ टक्के अतिनील किरण अडवते आणि दिसणारा उजेड मात्र साध्या काचेइतकाच, फार तर एखाद-दोन टक्के कमी, आत सोडते. पाहणाऱ्याला फरक कळतही नाही. म्हणजे ज्या संरक्षणासाठी बाईंची खोली काळोखी केली, ते रंगहीन काचेतूनही मिळाले असते.

तडजोड करावी लागते ती थोड्याशा पट्ट्यात, ३८० ते ४०० नॅनोमीटरच्या दरम्यान. इथे अतिनील संपते आणि जांभळा उजेड सुरू होतो. ४००पर्यंतचे सगळे किरण अडवणारी काच किंवा फिल्म मिळते, पण अडवण्याची रेघ उजेडाच्या इतकी जवळ नेली की थोडा जांभळा-निळा उजेडही अडतो आणि काचेत पुसटशी पिवळट झाक येऊ शकते. सर्वसाधारण घरातल्या आजी-आजोबांना या शेवटच्या पट्ट्याची गरज नाही असे माझे मत आहे. त्यांच्या भिंगाने पिवळेपणा आधीच पुरेसा आणलेला असतो; काचेने त्यात भर घालू नये.

गरज असणारे रुग्ण वेगळे. ल्युपस असलेल्या व्यक्ती त्यांतल्या एक. दुसरे, आपल्या महाराष्ट्रात विशेष दिसणारे, म्हणजे गाजरगवताच्या ॲलर्जीचे जुने रुग्ण. १९५०च्या दशकात पुण्याच्या आसपास प्रथम नजरेस आलेले हे तण आता कुठे नाही! शेतात आयुष्य गेलेल्या काही वृद्धांना आधी गवताची ॲलर्जी होते आणि पुढे त्वचा प्रकाशालाच सहन करेनाशी होते. चेहऱ्याची आणि हातांची कातडी जाड, काळपट होते आणि खाज रात्रंदिवस छळते. अशा व्यक्तीला शेतातून शहरात मुलाकडे आणून खिडकीशी बसवले तरी काचेतले 'अ' किरण पाठ सोडत नाहीत. तिथे ४००पर्यंत अडवणारी काच घ्यावी, पिवळट झाक सोसावी, आणि उजेडाची कमतरता चांगल्या दिव्यांनी भरून काढावी. अगदी थोड्या रोगांत दिसणारा उजेडही त्रास देतो. तिथे काचेचा निर्णय त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच करावा.

औषधांबद्दलही इथेच सांगते. हायड्रोक्लोरोथायझाइडखेरीज हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमियोडॅरोन, डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, वेदनाशामक केटोप्रोफेन (याचे मलमसुद्धा) ही त्वचा प्रकाशाला हळवी करू शकणारी नेहमीची औषधे. रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे 'एच' हे अक्षर असेल तर त्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असते. यादी वाचून कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये. चट्टे उठले असतील तर ते कोणत्या बाजूला आहेत आणि आपण कोणत्या खिडकीशी किती वेळ बसता, एवढे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मला बाईंच्या बाबतीत ते विचारावे लागले. नसते विचारले तर कळले नसते.

दुकानात गेल्यावर

काचेच्या दुकानात 'टफन' आणि 'लॅमिनेटेड' हे शब्द पुष्कळदा एकाच श्वासात येतात. दोन्ही सुरक्षित काचा, पण सुरक्षितता निराळी. टफन काच तापवून झटकन थंड केलेली असते. ती मजबूत असते आणि फुटली तर खडीसाखरेसारखे बोथट तुकडे होऊन खाली पडतात. अतिनील किरणांच्या बाबतीत मात्र ती साध्या काचेहून वेगळी नाही. लॅमिनेटेड काच फुटली तर तुकडे चादरीला चिकटून राहतात आणि चौकट रिकामी होत नाही. तोल जाऊन खिडकीवर आपटलेल्या वृद्धाच्या दृष्टीने, विशेषतः तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, हा फरक फार मोठा आहे. रंगीत काच (तपकिरी, करडी, निळी) उजेड निम्म्यावर आणते. अतिनील किरण काही प्रमाणात अडवते, पण रंगहीन लॅमिनेटेडइतके नाही.

मागताना "रंगहीन लॅमिनेटेड" असे शब्द वापरावेत आणि जाडी विचारावी. ३ मिलिमीटरच्या दोन काचा आणि मधली ०.३८ची चादर मिळून ६.३८ होते. आकडा नुसता ६ सांगितला तर ती लॅमिनेटेड नसण्याची शक्यता अधिक. फार जाड काच घेऊ नये. जाडीबरोबर हिरवट झाक वाढते, वजन वाढते आणि सरकते दार म्हाताऱ्या हातांना ओढवत नाही. (हा शेवटचा मुद्दा मला बाईंनीच शिकवला.)

पावसाळी प्रदेशात, मुंबई-कोकणात तर विशेष, या काचेच्या कडा जपाव्या लागतात. कड पाण्यात उभी राहिली तर ओल चादरीत शिरते आणि काठाने दुधाळ पट्टा पसरू लागतो. चौकटीत पाणी निघून जायला भोके आहेत का ते पाहावे. काच बसवताना ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन वापरू देऊ नये. ते चादरीला बाधू शकते. 'न्यूट्रल' सिलिकॉन मागावे.

सगळ्या काचा बदलणे खर्चिक आहे हे मला कळते. आहे त्या काचेवर लावण्याजोगी रंगहीन, अतिनील अडवणारी फिल्मही मिळते आणि भाड्याच्या घरात तीच सोयीची. फक्त ती काही वर्षांनी थकते, ओरखडते, तिच्याखाली फुगे येतात. त्या वेळी ती बदलावी. विकत घेताना दोन आकडे वेगवेगळे मागावेत: अतिनील किती टक्के अडतात आणि दिसणारा उजेड किती टक्के आत येतो. पहिला ९९च्या जवळ आणि दुसरा ७०च्या वर असावा, असे मी रुग्णांना सांगते. दुकानदार एकच आकडा सांगत असेल तर तो बहुधा काळेपणाचा असतो.

आपली काच काय करते याची एक घरगुती परीक्षा आहे. उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा घरात कोणाकडे तरी असतोच. तो मुख्यतः अतिनील किरणांनी काळा होतो. म्हणूनच मोटारीत, पुढच्या लॅमिनेटेड काचेआड तो नीट काळा होत नाही अशी तक्रार लोक चष्म्याच्या दुकानात घेऊन जातात. सकाळच्या गारव्यात तो चष्मा आधी बाहेरच्या थेट उन्हात धरावा, मग घरात आणून निवळू द्यावा, आणि नंतर खिडकीच्या काचेआड थेट उन्हात तितकाच वेळ धरावा. आतही बराच काळा झाला तर अतिनील किरण आत येत आहेत. काही नव्या बनावटीचे चष्मे दिसणाऱ्या उजेडालाही प्रतिसाद देतात, त्यामुळे ही प्रयोगशाळेची परीक्षा नव्हे. पण काळ्या काचेवरचा अंधविश्वास उडवायला पुरेशी आहे.

काच काय करू शकत नाही

रंगहीन लॅमिनेटेड काच खोली थंड करत नाही. उष्णतेसाठी ऊन काचेच्या बाहेरच अडवावे: छज्जा, बांबूचा पडदा, पूर्वीचे वाळ्याचे ताटवे. काच तापल्यावर आत पडदा ओढण्यापेक्षा ते पुष्कळ प्रभावी. उष्णता अडवून उजेड सोडणाऱ्या विशेष काचाही निघाल्या आहेत, पण त्या महाग. आणखी एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. ऐन वैशाखात आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन तेव्हा येतच नाही. बाईंच्या बाल्कनीतली काळी फिल्म ज्या महिन्यात त्या पडल्या त्या महिन्यात सर्वांत निरुपयोगी होती.

"डोळ्यांवर तिरीप येते," ही ज्येष्ठांची तक्रार खरी असते आणि तिच्यासाठीच अनेकदा काच काळी केली जाते. अशा वेळी आधी डोळे तपासून घ्यावेत. उजेड फुटल्यासारखा वाटणे हे मोतीबिंदूचे लक्षण असते आणि शस्त्रक्रियेने सुटणाऱ्या तक्रारीवर आपण काळोखाचा उपाय करत असतो. तोवर खुर्ची अशी फिरवावी की खिडकी समोर न येता बाजूला येईल, आणि एक फिका, पातळ पडदा लावावा. पडदा चार वाजता बाजूला सारता येतो.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यांना आणखी दोन सूचना. आरशासारखी चकाकणारी फिल्म अशा घरात लावू नये. दिवे लागल्यावर तिच्यात आतलेच प्रतिबिंब दिसते आणि रुग्णाला बाहेर कोणी परका उभा आहे असे वाटून तो घाबरतो. साध्या काचेतही रात्री थोडे असे होते. म्हणून दिवेलागणीला पडदे ओढून घ्यावेत. याउलट, अगदी स्वच्छ रंगहीन मोठे दार असेल तर त्यावर डोळ्यांच्या पातळीला एखादी रंगीत पट्टी लावावी, नाहीतर दार उघडे आहे असे समजून माणूस त्यावर आदळतो.

मोटारीबद्दल थोडक्यात. पुढची काच लॅमिनेटेड असल्याने ती बरेच काम करते. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन असतात आणि 'अ' किरण आत सोडतात. मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, आणि काळ्या फिल्मविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली आदेश दिला. लांबच्या प्रवासात आजोबांना सावलीच्या बाजूला बसवावे आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालावा, तेवढे पुरते.

सर्वांत जास्त गैरसमज ड जीवनसत्त्वाबद्दल आहे. "आई रोज सकाळी बाल्कनीत कोवळ्या उन्हात बसते, तरी ड कमी कसे?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. काच बंद असेल तर ड जीवनसत्त्व बनवणारे 'ब' किरण आत येतच नाहीत, मग काच साधी असो की लॅमिनेटेड. शिवाय अगदी कोवळ्या उन्हात हे किरण मुळातच थोडे असतात. सूर्य वर चढल्यावर ते मिळतात. जमत असेल तर काच उघडून किंवा गच्चीवर, अंगणात, हात-पाय उघडे ठेवून, ऊन सोसवेल अशा बेताने साडेदहा-अकराच्या सुमारास थोडा वेळ बसावे. ज्यांना प्रकाशाची ॲलर्जी आहे त्यांनी हे करू नये. जमत नसेल तर औषध आहे. पण ६०,००० युनिटची पुडी 'ताकद येते' म्हणून महिनोन्महिने दर आठवड्याला घेणारे लोकही मी पाहते. अतिरेकाने रक्तातले कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडाला इजा होते; मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

बाईंच्या घरी पुढे काय झाले ते सांगते. त्याच दुपारी मुलाने फिल्म ओरबाडून काढली, डिंकाचे डाग काढायला त्याला दोन दिवस लागले. सगळ्या बाल्कनीच्या काचा बदलल्या नाहीत; बाईंच्या खुर्चीलगतच्या दोन तावदानांना रंगहीन लॅमिनेटेड काच बसवली आणि उरलेल्यांना पांढरा पडदा. रक्तदाबाची गोळी मी बदलली. झोपेची गोळी हळूहळू कमी करत सहा आठवड्यांत थांबवली. दाराच्या रुळाच्या दोन्ही बाजूंना पिवळी पट्टी चिकटवली. पुढच्या हिवाळ्यात चट्टे उठले नाहीत. त्यातला काचेचा वाटा किती आणि गोळी बदलल्याचा किती, ते मी सांगू शकत नाही. मनगट जुळले, पण किंचित वाकडे, आणि पोळी लाटताना अजून दुखते.

गेल्या महिन्यात रक्तदाब पाहायला गेले तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. ट्यूबलाइट बंद होती. मी पट्टा हाताला बांधेपर्यंत त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बरं झालं आलीस. उभा सातवा, चार अक्षरी, शेवटी 'र'. सांग पाहू."